क्षारपड जमिनीवरचे लेख आकड्यावरून आणि एककावरून कसे शोधायचे?

कृष्णाकाठ_मिरज

मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यातल्या क्षारपड जमिनींसाठी भूमिगत निचऱ्यावरचं छापून आलेलं संशोधन एका जागी आणायचं काम चालू आहे. निकष असे: वरच्या ० ते ३० सेंटिमीटर थराची सुरुवातीची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) ४ ते ८ डेसिसायमन प्रति मीटर, निचऱ्याच्या दोन ओळींमधलं अंतर २५ ते ५० मीटर, सच्छिद्र पाईप १ ते १.५ मीटर खोलीवर, आणि निचरा चालू झाल्यावर दोन हंगामांनी ईसी कितीवर आली याची नोंद.

विषयावरून शोधलं की लेख ढिगाने मिळतात, पण त्यातले बहुतेक या पल्ल्यात बसत नाहीत. आकडा टाकून शोधलं तर उलटंच होतं. '६ डेसिसायमन' टाकलं की ५.८ किंवा ६.४ असलेला लेख येत नाही, आणि ६ क्रमांकाचा तक्ता असलेले नको ते लेख येतात. शिवाय एकक प्रत्येकाचं वेगळं.

प्रश्न दोन. 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पल्ला देऊन शोधता येईल अशी जागा आहे का? नसेल तर जाणकार लोक हे काम कसं करतात?

---

शब्दखूण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: रसायन आणि पदार्थविज्ञानासाठी आहे, मातीसाठी जवळपास नाही. रीॲक्सिस या रसायनांच्या माहितीसंग्रहात वितळणबिंदू, घनता वगैरेंचा पल्ला देऊन शोधता येतं. एसटीएन या शोधसेवेवर पेटंटांच्या मजकुरात तापमान, दाब, लांबी असे गुणधर्म आकडा आणि एकक देऊन शोधता येतात, आणि एककांचं रूपांतर यंत्रणाच करते. दोन्हीला वर्गणी लागते आणि दोन्हीमागे आकडे आधीच मजकुरातून काढून वेगळ्या रकान्यांत भरून ठेवण्याचं काम झालेलं आहे. मातीच्या लेखांसाठी ते काम आपल्यालाच करावं लागतं.

साधं शोधयंत्र आकडा ओळखत नाही, फक्त अक्षरं ओळखतं. मजकुराचे तुकडे पाडून त्यांची सूची करतं, आणि त्या तुकड्यांच्या जगात ५.८ हा ६ च्या जवळ वगैरे नसतो. तुकडे कसे पडतात ते एकदा कळलं की अर्धे घोळ समजतात. ल्युसीन हा सांगाडा अनेक शोधयंत्रांखाली असतो. त्याच्या नेहमीच्या तुकडेपद्धतीत हे घडतं:

'४.२' हा एकच तुकडा राहतो, कारण दोन अंकांमधला बिंदू तोडला जात नाही.

'डीएस/एम' (डेसिसायमन प्रति मीटर) तिरक्या रेघेवर तुटून 'डीएस' आणि 'एम' असे दोन तुकडे होतात.

'४.२डीएस' असं जागा न सोडता छापलं असेल तर आकडा आणि अक्षरं चिकटून एकच तुकडा होतो. मग 'डीएस' शोधून तो लेख सापडतच नाही. एसआयचा नियम आकडा आणि एककात जागा सोडा असा आहे, पण छापणारे सगळे तो पाळत नाहीत.

लहान-मोठी अक्षरं एकच धरली जातात. म्हणून मिलिसायमनचं मोठं 'एस' आणि मिलिसेकंदाचं लहान 'एस' शोधयंत्राला सारखंच.

गूगलमध्ये दोन आकड्यांच्या मध्ये दोन टिंबं देऊन पल्ला मागता येतो, पण तो वेबपानांसाठी. गूगल स्कॉलरमध्ये त्यावर विसंबू नका. आणि तिथेही एककाचं रूपांतर होत नाही, म्हणजे ४ ते ८ मागितलं तर ४०० मिलिसायमन प्रति मीटर येणार नाही.

तेव्हा पद्धत उलटी ठेवा. वेबवर आकड्याने शोधू नका. तिथे गोष्ट, पद्धत आणि एककाची सगळी रूपं यांनी शोधून जाळं मोठं टाका, लेख आपल्या संगणकावर उतरवा, मजकूर साफ करा, आकडे काढा, एका एककात आणा, आणि पल्ल्याचा शोध तिथे घ्या. पुढच्या प्रतिसादात पायऱ्या लिहितो.

(शोधवाक्यं आणि आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाकताना रोमन लिपीत टाका.)

---

वाळव्याची_माती

शब्दखूण पायऱ्या लिहितील तोवर एककांचं सांगते. ईसी ४ डेसिसायमन प्रति मीटर ही एकच गोष्ट लेखांत या रूपांत येते:

४ मिलिम्हो प्रति सेंटिमीटर (म्हो हे सायमनचं जुनं नाव)
४ मिलिसायमन प्रति सेंटिमीटर
४००० मायक्रोसायमन किंवा मायक्रोम्हो प्रति सेंटिमीटर
४०० मिलिसायमन प्रति मीटर
०.४ सायमन प्रति मीटर
सुमारे २५६० मिलिग्रॅम प्रति लिटर विद्राव्य क्षार (६४० ने गुणून. ईसी ५ च्या वर गेली की बरेच जण ८०० धरतात, म्हणून हे रूपांतर फक्त अंदाजाचं.)

मिलिसायमन प्रति मीटर दक्षिण आफ्रिका आणि जपानच्या लेखांत फार दिसतं. भूजलवाले बहुधा मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर लिहितात. सायमन या एककाला १९७१ मध्ये वजनमापांच्या १४ व्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्यता मिळाली. त्याआधीच्या लेखांत ते शोधण्यात अर्थ नाही, तिथे म्होच शोधा, आणि म्हो त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिलं.

सगळ्यात फसवं रूप जुन्या लेखांतलं. अमेरिकी कृषी खात्याच्या १९५४ च्या ६० क्रमांकाच्या हस्तपुस्तिकेत मातीची ईसी 'ईसी गुणिले १० चा ३ रा घात' आणि पाण्याची 'ईसी गुणिले १० चा ६ वा घात' अशी लिहिली आहे. पहिल्याचा अर्थ मिलिम्हो, दुसऱ्याचा मायक्रोम्हो. तिच्या धर्तीवर लिहिलेल्या लेखांत तक्त्याच्या डोक्यावर एवढंच असतं, एकक म्हणून काही छापलेलंच नसतं. ही दोन रूपं शोधवाक्यात स्वतंत्रपणे घालावी लागतात.

पण याहून मोठी गोष्ट मूळ प्रश्नात सुटली आहे. कोणती ईसी? '४ ते ८' हा पल्ला संपृक्त मातीच्या लगद्यातून काढलेल्या अर्काचा आहे ना? क्षारयुक्त जमिनीची ४ ची मर्यादा त्याच अर्कासाठी आहे. आपल्याकडच्या माती परीक्षण अहवालांत आणि कितीतरी भारतीय लेखांत मात्र माती आणि पाणी १:२ किंवा १:२.५ करून मोजलेली ईसी असते. ऑस्ट्रेलियाचे लेख १:५ वापरतात. तिन्हींचं एकक डेसिसायमन प्रति मीटरच. एककं जुळली म्हणून आकडे जुळत नाहीत.

---

कृष्णाकाठ_मिरज

ताई, संपृक्त अर्काचीच अभिप्रेत होती. १:२.५ वाले लेख गुणक लावून आत घेता येतील का, की सोडून द्यायचे?

---

वाळव्याची_माती

सोडू नका, पण एकाच गुणकाने सरसकट बदलूही नका. हिशोब पाहा. काळ्या चिकण मातीचा संपृक्त लगदा करायला १०० ग्रॅम मातीला समजा ६५ ग्रॅम पाणी लागलं. १:२.५ मध्ये तेवढ्याच मातीला २५० ग्रॅम पाणी. क्षार तेवढेच राहिले तर पातळ झालेल्या अर्काची ईसी ६५ भागिले २५०, म्हणजे ०.२६ पट. संपृक्त अर्काला ६ असलेली माती १:२.५ ला १.६ च्या आसपास दाखवेल.

ही चूक किती महागात पडते ते उसावर बघा. मास आणि हॉफमन यांच्या १९७७ च्या तक्त्यात उसाची सहनमर्यादा संपृक्त अर्काला १.७ आणि त्यापुढे प्रत्येक एककाला ५.९ टक्के घट. ६ वर घट (६ − १.७) × ५.९, म्हणजे २५ टक्के. त्याच मातीचा १.६ हा आकडा कुणी तसाच तक्त्यात घातला तर घट शून्य. माती एकच, लेख दोन, निष्कर्ष परस्परविरुद्ध. द्राक्षाला तर मर्यादा १.५ आणि उतार ९.६ टक्के, तिथे फरक आणखी मोठा.

एकच गुणक न लावण्याची कारणं दोन. लगद्याला लागणारं पाणी पोतानुसार बदलतं. १:५ साठी जड चिकण मातीत गुणक ६ च्या आसपास येतो, वाळूसर जमिनीत त्याच्या दुपटीहून जास्त. दुसरं, जमिनीत जिप्सम असेल किंवा सुधारणेसाठी टाकलं असेल तर जास्त पाण्यात जास्त जिप्सम विरघळतं. जिप्समने संपृक्त पाण्याची ईसी सुमारे २.२ असते. म्हणजे १:२.५ ला जी ईसी दिसते तिच्यात जिप्समचा वाटा मोठा असू शकतो, आणि गुणक लावल्यावर तो वाटाही फुगतो. चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीवरच्या लेखांत हे हमखास घडतं, कारण तिथे प्रयोगच जिप्समचा असतो.

म्हणून तुमच्या नोंदवहीत 'पद्धत' हा रकाना सक्तीचा ठेवा: संपृक्त, १:२, १:२.५, १:५, माहीत नाही. लेखात लगद्याच्या पाण्याची टक्केवारी दिली असेल तर तीही लिहा. पल्ल्याचा शोध प्रत्येक पद्धतीसाठी वेगळा घ्या.

---

ग्रंथालय_विश्रामबाग

कुठे शोधायचं त्याबद्दल.

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स (महाविद्यालयाची वर्गणी असेल तर) शीर्षक, सारांश आणि कळशब्द एवढंच बघतात. ईसीचा सुरुवातीचा आकडा कधी सारांशात येतो, पण पाईपची खोली आणि ओळींमधलं अंतर बहुधा 'पद्धती' विभागात किंवा तक्त्यात. तिथे आकड्याने शोधणं व्यर्थ, जवळिकीचा शोध मात्र फार उपयोगी. स्कोपसमध्ये 'डब्ल्यू/५' म्हणजे दोन शब्द एकमेकांपासून पाच शब्दांच्या आत, क्रम कोणताही. 'पीआरई/५' म्हणजे दिलेल्या क्रमानेच. वेब ऑफ सायन्समध्ये 'निअर/५'. 'ड्रेन' आणि 'स्पेसिंग' ३ च्या आत, आणि सोबत 'सॅलिनिटी' किंवा 'सोडिक' असं घाला. स्कोपसमध्ये दुहेरी अवतरणात विरामचिन्हं दुर्लक्षिली जातात, महिरपी कंसात जशीच्या तशी धरली जातात. म्हणून 'डीएस/एम' महिरपी कंसात टाकला तर फक्त तेच रूप येईल, अवतरणात टाकला तर जास्त रूपं येतील. इथे अवतरणच बरं.

पबमेडमध्ये २०२२ पासून जवळिकीचा शोध आहे, पण शीर्षक, सारांश आणि संस्थेच्या पत्त्यापुरता, आणि त्यात तारांकन चालत नाही. मातीसाठी त्याचा उपयोग मर्यादित.

पूर्ण मजकुरासाठी युरोप पीएमसी. तिथे विभागवार शोध घेता येतो, म्हणजे 'पद्धती' किंवा 'तक्ते' एवढ्यातच शोध. खुले लेख एक्सएमएल रूपात उतरवता येतात आणि त्यात तक्त्याचे रकाने वेगळे राहतात, हे पीडीएफपेक्षा लाखपटीने सोयीचं. मात्र कृषीची सगळी नियतकालिकं तिथे नाहीत. त्यांच्यासाठी कोअर हा खुल्या लेखांचा संग्रह आणि एफएओची ॲग्रिस ही कृषी-सूची.

भारतीय प्रबंध कृषिकोश आणि शोधगंगा इथे आहेत, आणि तुमच्या कामाचं खरं धन तिथेच आहे. लेखात जो तक्ता चार ओळींत गुंडाळलेला असतो तो प्रबंधाच्या परिशिष्टात थरवार, महिनावार असतो. पण जुने प्रबंध स्कॅन केलेले आहेत, तिथे साइटच्या शोधात फक्त शीर्षक आणि सारांश हाती लागतो. तिथे विषय, विद्यापीठ आणि वर्ष यांनी शोधून प्रबंध उतरवायचे आणि पुढचं घरी करायचं.

स्कॉलर एका शोधाला जास्तीत जास्त १००० निकाल दाखवतं आणि लांबलचक शोधवाक्य कापतं. एककाची सगळी रूपं एकाच वाक्यात कोंबू नका. म्होचं एक, सायमनचं एक, घातांकाच्या रूपाचं एक असे वेगळे शोध घ्या आणि निकाल झोटेरो या संदर्भ जपणाऱ्या साधनात एकत्र करून दुबार नोंदी काढा.

---

शब्दखूण

आता उतरवलेल्या फाइलींचं. क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केला तर आकडे बिघडतात.

१. मजकूर काढणं. 'पीडीएफटूटेक्स्ट' 'लेआउट' पर्यायासह वापरा, म्हणजे तक्त्याच्या रकान्यांची मांडणी बऱ्यापैकी टिकते. स्कॅन असेल तर 'ओसीआरमायपीडीएफ' (ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं), ३०० डीपीआयपेक्षा कमी प्रतीवर आकडे फार चुकतात. मराठी अहवालासाठी टेसरॅक्ट या ओसीआर साधनाची मराठी भाषेची फाइल वेगळी बसवावी लागते.

२. चिन्हं तपासणं. प्रत्येक नियतकालिकाची एक फाइल उघडून डोळ्यांनी बघा. काही प्रकाशकांच्या पीडीएफमध्ये फाँटचा नकाशा चुकीचा असतो. पडद्यावर उणे एक घात नीट दिसतो, पण बाहेर काढल्यावर उण्याच्या जागी डोक्यावर खूण असलेलं 'ए' अक्षर येतं. 'पेक्षा कमी' चिन्हाचं 'ओ' होतं, 'पेक्षा जास्त' चिन्हाचा ४ चा आकडा होतो. हा शेवटचा सगळ्यात घातक: '> ८' चा '४८' होतो आणि तो खरा आकडा वाटतो. अशा फाइलींना मजकूर असूनही सक्तीने ओसीआर करा, त्यासाठी 'फोर्स-ओसीआर' पर्याय आहे.

३. घातांक आधी वाचवा. युनिकोडचं एनएफकेसी सामान्यीकरण (एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एक करणं) बहुतेक जण डोळे झाकून लावतात. त्यात वर लिहिलेला छोटा ३ साधा ३ होतो, आणि '१० चा ३ रा घात' याचं '१०३' होऊन बसतं. पाणी मुरण्याचा वेग १० च्या उणे घातांत लिहिलेला असतो, तिथे तर उणेही गेलं तर आकडा लाखो पटींनी बदलतो. म्हणून आधी वरचे छोटे अंक शोधून त्यांच्यापुढे घाताची टोपी (^) घाला, मग सामान्यीकरण करा.

४. सारखी दिसणारी चिन्हं एक करा. मायक्रोची दोन चिन्हं आहेत, क्रमांक ००बी५ आणि ग्रीक अक्षर ०३बीसी. दिसायला एक, संगणकाला वेगळी. एनएफकेसी ती एक करतं. पण उण्याचं तसं होत नाही: जोडरेघ ००२डी, खरं उणे २२१२, मधली रेघ २०१३, हे तिन्ही लेखांत उणे म्हणूनही येतात आणि 'पासून-पर्यंत' म्हणूनही. '४–८' हा पल्ला आहे की '४ उणे ८', हे आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवावं लागतं. दोन्ही बाजूंना आकडे आणि नंतर एकक असेल तर पल्ला धरा. ओसीआरमध्ये मायक्रोचं चिन्ह 'यू' किंवा 'पी' होतं, त्यासाठी वेगळी यादी ठेवा.

५. दशांश चिन्ह. जर्मन, फ्रेंच, ब्राझिली लेखांत दशांशासाठी स्वल्पविराम. '१,२५०' म्हणजे बाराशे पन्नास की सव्वा? त्याच लेखातले बाकीचे आकडे बघून एकदाच ठरवा आणि त्या फाइलीपुरतं नोंदवा. प्रत्येक आकड्याला वेगळा निर्णय नको.

६. नमुनेवाचन, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. भाग असे जोडा: ऐच्छिक चिन्ह (कमी, जास्त, सुमारे), आकडा, ऐच्छिक अधिक-उणे आणि दुसरा आकडा, किंवा ऐच्छिक पल्ला आणि दुसरा आकडा, शून्य किंवा अधिक रिकाम्या जागा, मग एककाच्या रूपांची यादी. यादीत लांब रूप आधी लिहा, नाहीतर 'मिलिसायमन प्रति मीटर' हे 'मिलिसायमन' वरच थांबतं. इथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालू ठेवा. पायथॉनमध्ये उलटी तिरकी रेघ आणि 'डी' हा नमुना देवनागरी अंकही पकडतो, आणि 'फ्लोट' आज्ञा '१.७' ला बिनतक्रार आकडा करते. मराठी अहवालांसाठी अंक बदलायचं वेगळं काम राहत नाही.

तक्ते या नमुन्यात सापडत नाहीत, कारण एकक डोक्यावर आणि आकडा खाली. त्यांच्यासाठी कॅमेलॉट किंवा टॅब्युला ही पीडीएफमधले तक्ते काढणारी साधनं, आणि डोक्यावरचं एकक प्रत्येक खान्यात उतरवणं. डोक्यावर '× १० चा ३ रा घात' असेल तर थांबा. आकडे हजाराने गुणून छापलेत की वाचकाने गुणायचेत, हे प्रत्येक लेखक आपापल्या परीने लिहितो. लेखाच्या मजकुरात तोच आकडा कुठे आलाय का ते बघून ठरवा.

---

निचरा_पलूस

एकक बदलायला पायथॉनमधलं पिंट वापरावं की स्वतःचा तक्ता? तयार आकडे काढून देणारं ग्रोबिड-क्वांटिटीज पण आहे ना?

---

शब्दखूण

ग्रोबिड-क्वांटिटीज मजकुरातला आकडा, एकक आणि मोजलेली गोष्ट ओळखतं, पीडीएफ थेट देता येते. पहिल्या चाळणीसाठी चांगलं. पण म्हो, मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम, क्विंटल प्रति हेक्टर अशी आपल्या क्षेत्रातली रूपं त्यावर पूर्ण सोपवू नका, निकाल पडताळून घ्या.

पिंट रूपांतरासाठी वापरा, पण स्वतःच्या व्याख्यांची फाइल जोडून. क्विंटल १०० किलो, गुंठा एकराचा ४० वा भाग, एकर-इंच १०२.८ घनमीटर, हे तिथे आपल्या हाताने लिहा आणि उत्तर माहीत असलेली दहा-पंधरा रूपांतरं करून बघा. तापमानात 'अंश' आणि 'अंशांचा फरक' वेगळे धरावे लागतात. ईसी २५ अंशांवर आणलेली आहे की नाही हेही लिहून ठेवा, दर अंशाला साधारण २ टक्के फरक पडतो.

---

वाळव्याची_माती

एक भर. काही ठिकाणी एकक बदलतं पण आकडा तोच राहतो: मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम आणि सेंटिमोल प्रति किलो. काही ठिकाणी उलटं, एकक तेच पण आकडा वेगळा. 'किलो स्फुरद प्रति हेक्टर' म्हणजे मूलद्रव्य की पेंटॉक्साइड? २.२९ पट फरक. पालाशमध्ये १.२ पट. नायट्रेटमध्ये ४.४३ पट, म्हणूनच भारतीय पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रेट आणि अमेरिकेची १० मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रेटरूपी नत्र, या दोन्ही जवळपास एकच आहेत. कोणतंही रूपांतर-साधन हे पकडू शकत नाही, कारण दोन्हीकडे एकक मिलिग्रॅम प्रति लिटरच आहे. 'कशाच्या रूपात' हा रकाना ठेवावाच लागतो.

---

जुने_अहवाल

पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ चं. तिथल्या आणि दख्खनच्या कालव्यांवरच्या जुन्या कामात मेट्रिक एकक शोधूच नका. उत्पन्न टन प्रति एकर, आणि तो बहुधा ब्रिटिश टन, १०१६ किलोचा. अमेरिकी लेखातला टन ९०७ किलोचा. पाणी एकर-इंचांत, प्रवाह क्युसेकमध्ये (२८.३ लिटर प्रति सेकंद), निचऱ्याची खोली फुटांत. मण आला तर विशेष जपा: बंगाली प्रमाण मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, सुमारे ३७.३ किलो, आणि मुंबईचा मण २८ पौंडांचा, सुमारे १२.७ किलो. कोणता ते अहवालाच्या सुरुवातीच्या वजनमापांच्या टिपेत बघा. टीप नसेल तर एकरी उत्पन्न दोन्हींनी काढून कोणतं शक्य आहे ते तपासा.

वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, अंमल टप्प्याटप्प्याने झाला. त्यामुळे १९५६ ते १९६५ च्या अहवालांत एकाच पानावर दोन्ही पद्धती सापडतात, तिथे रकान्यागणिक एकक वाचा.

---

हळद_सांगली

हीच पद्धत हळदीतल्या कुरक्युमिनसाठी चालेल का? सांगलीच्या हळदीची इतर भागांतल्या हळदीशी तुलना करायची आहे.

---

वाळव्याची_माती

चालेल. टक्के आणि मिलिग्रॅम प्रति ग्रॅम यांत १० चा फरक, ते सोपं. अडतं तीन ठिकाणी: ओल्या कंदावर की वाळलेल्यावर, हळद शिजवण्याआधी की नंतर, आणि मोजणी ४२५ नॅनोमीटरवर वर्णपटमापकाने की एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणारी पद्धत). वर्णपटमापक कुरक्युमिन आणि त्याचे दोन भाऊबंद यांची बेरीज देतो, एचपीएलसीने तिन्ही वेगळे मिळतात. लेखक दोन्हींना 'कुरक्युमिन' म्हणतात. पद्धतीच्या रकान्याशिवाय तुलना करू नका.

---

निचरा_पलूस

हे सगळं एआयला पीडीएफ देऊन करून घेता येणार नाही का? तक्ता भरून देतो म्हणे.

---

शब्दखूण

नोंदी सुचवायला घ्या, आकड्याचा पुरावा म्हणून नको. प्रत्येक आकड्यासोबत लेखातलं वाक्य किंवा तक्त्याची ओळ जशीच्या तशी मागा, आणि ते वाक्य काढलेल्या मजकुरात अक्षरशः आहे का हे साध्या जुळणीने तपासा. नसेल तर नोंद बाद. रूपांतर त्याला करू देऊ नका, मूळ आकडा आणि मूळ एकक घ्या आणि रूपांतर आपल्या फाइलीतून करा. रिकामी जागा दिसली की तो 'पद्धत' रकाना अंदाजाने भरतो, म्हणून 'लेखात दिलेलं नाही' हा पर्याय स्पष्ट द्या.

आता नोंदवही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा एकच तक्ता पुरे. रकाने: लेखाची खूण, पान, मूळ वाक्य, काय मोजलं, पद्धत, कशाच्या रूपात, थर वरून, थर खालपर्यंत, मूळ आकडा, मूळ एकक, किमान, कमाल, प्रमाण एकक, शेरा.

किमान आणि कमाल असे दोन रकाने हवेतच. '४–८' असेल तर किमान ४, कमाल ८. '५.२ ± ०.४' असेल तर ४.८ आणि ५.६, आणि शेऱ्यात ते प्रमाण विचलन आहे की प्रमाण त्रुटी ते. नुसतं '६' असेल तर ५.५ ते ६.५, '६.०' असेल तर ५.९५ ते ६.०५. '१० पेक्षा कमी' असेल तर किमान ०, कमाल १०. मग पल्ल्याचा शोध एका ओळीचा: नोंदीची किमान ८ पेक्षा जास्त नाही, आणि नोंदीची कमाल ४ पेक्षा कमी नाही. दोन्ही अटी खऱ्या म्हणजे पल्ले एकमेकांत शिरतात. नुसती 'किमान ४ ते ८ मध्ये' अशी अट दिली तर ३.५ ते ६ असलेला प्रयोग निसटतो.

बाहेर जाणारे आकडे आधी वेगळे काढा. समुद्राच्या पाण्याची ईसी २५ अंशांना ५० च्या थोडी वर असते. शेतमातीच्या अर्काला ४०० डेसिसायमन प्रति मीटर दिसलं तर ते बहुधा मिलिसायमन प्रति मीटर आहे. पण आपोआप दुरुस्त करू नका, मूळ पान बघा.

आणि वापरण्याआधी वीसेक लेख हाताने वाचून त्यातले सगळे ईसीचे आकडे लिहून काढा. यंत्राने त्यातले किती पकडले आणि पकडलेल्यांपैकी किती बरोबर, हे दोन्ही मोजा. सुटलेले बहुतेक तक्त्यांतले निघतील, आणि मग वेळ कुठे घालवायचा ते कळेल.

---

कृष्णाकाठ_मिरज

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. नोंदवही याच रकान्यांनी सुरू करतो. एक शंका राहिली: निकष ० ते ३० चा आहे, पण बरेच लेख ० ते १५ आणि १५ ते ३० असे दोन थर देतात, काही ० ते २० आणि २० ते ४० देतात. ते कसे बसवायचे?

---

वाळव्याची_माती

जाडीच्या भाराने सरासरी काढा. ० ते १५ ला ८ आणि १५ ते ३० ला ५ असेल तर (८ × १५ + ५ × १५) भागिले ३०, म्हणजे ६.५. ० ते २० आणि २० ते ४० असेल तर दुसऱ्या थराचे १० सेंटिमीटर घ्या: पहिला गुणिले २० अधिक दुसरा गुणिले १०, भागिले ३०. दोन्ही थरांत पोत साधारण एकच असेल तरच हे धरा. खाली मुरूम किंवा चुनखडीचा थर असेल तर सरासरी काढू नका, वरचा थर जसा आहे तसा लिहा.

मूळ थरांच्या नोंदी पुसू नका. काढलेली सरासरी वेगळी ओळ म्हणून लिहा आणि शेऱ्यात 'काढलेली' अशी खूण करा. उन्हाळ्यात पाणी वर चढून क्षार वरच्या ५ सेंटिमीटरात साचतात, पावसाळ्यानंतर तेच खाली जातात, म्हणून नमुना कोणत्या महिन्यात घेतला तेही लिहा. मे मधली सुरुवातीची ईसी आणि नोव्हेंबरमधली शेवटची ईसी एकमेकांशी लावून 'निचऱ्याने इतकी घट' असं लिहिलेले लेख निघतील, त्यांच्या शेऱ्यात दोन्ही महिने नोंदवा आणि तुलनेच्या शोधातून ते बाजूला ठेवा.